सकाळचे दोन तास

हेन्री नाउवेन यांचे ‘ॲडम: गॉड्स बिलव्हेड’ हे पुस्तक १९९७ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्बिस प्रकाशनाने काढले, तेव्हा त्यातले दोघेही हयात नव्हते. ज्याच्याविषयी ते लिहिले आहे तो ॲडम फेब्रुवारी १९९६ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी गेला. लिहिणारे नाउवेन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हृदयविकाराने गेले. मागे कच्चा खर्डा होता. त्यांच्या सहकारी सिस्टर स्यू मॉस्टेलर यांनी त्यावर अखेरचा हात फिरवला आणि एका बैठकीत वाचून होईल एवढे हे पुस्तक वाचकांपर्यंत पोहोचले.

दिव्यांग तरुणांमध्ये ख्रिस्ती सेवाकार्य कसे करावे यावर पुस्तके पुष्कळ आहेत. देवळाच्या पायऱ्यांशेजारी उतार कसा बांधावा, संडे स्कूलचा पाठ चित्रांतून कसा सांगावा, कर्णबधिर मुलांसाठी उपासनेत खुणांची भाषा कशी आणावी, हे त्यांत असते आणि ते लागतेच. नाउवेन यांच्या पुस्तकात यातले काही नाही. एका नामांकित धर्मगुरूला एक मित्र मिळाला, त्याची ही हकीकत आहे. तो मित्र बोलू शकत नव्हता. आधाराशिवाय त्याला चालता येत नव्हते, स्वतःचे कपडे घालता येत नव्हते आणि अपस्माराचे झटके त्याच्या रोजच्या आयुष्याचा भाग होते. अशा दोघांच्या नात्याला मैत्री म्हणता येते का, आणि म्हटले तर ती दोन्हीकडून असते का, हा प्रश्न मनात धरून मी हे पुस्तक वाचत आलो आहे. माझ्यापुरते उत्तर होकारार्थी आहे. ते मला पुस्तकातल्या धर्मचिंतनापेक्षा न्हाणीघराच्या वर्णनात जास्त खणखणीत ऐकू येते.

नाउवेन कोण होते हे थोडक्यात सांगायला हवे, कारण त्याशिवाय पुस्तकातला ताण कळणार नाही. जन्म १९३२ चा, नेदरलँड्समधला. १९५७ मध्ये गुरुदीक्षा झाली, मग मानसशास्त्राचा अभ्यास, आणि पुढे अमेरिकेत नोत्र दाम, येल आणि हार्वर्ड या विद्यापीठांत अध्यापन. आध्यात्मिक विषयांवरची त्यांची पुस्तके कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही घरांत वाचली जात. बोलणे हा त्यांचा प्राण होता आणि लोकांनी आपल्यावर प्रेम करावे ही त्यांची भूक होती. ती त्यांनी कधी लपवली नाही. १९८५ मध्ये त्यांनी हार्वर्ड सोडले. वर्षभर फ्रान्समधल्या त्रोली-ब्रय या खेड्यात, ‘लार्श’च्या पहिल्या वसाहतीत ते राहिले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये कॅनडात टोरांटोजवळच्या रिचमंड हिल इथल्या ‘डेब्रेक’ या लार्श-वसाहतीत पाळक म्हणून रुजू झाले. लार्शची सुरुवात १९६४ ची आणि डेब्रेकची १९६९ ची. इथल्या घरांत बौद्धिक दिव्यांग माणसे आणि त्यांचे सोबती, म्हणजे ‘असिस्टंट’, एका छपराखाली राहतात आणि एका टेबलाशी जेवतात.

धर्मगुरू म्हणून आलेल्या माणसालाही घरातले काम चुकत नाही. नाउवेन यांच्या वाट्याला ‘न्यू हाउस’ नावाच्या घरात एक काम आले: ॲडमची सकाळ. ॲडम तेव्हा चोविशीत होता, घरातला सर्वांत जास्त आधार लागणारा तरुण. विद्यापीठात हजार विद्यार्थ्यांसमोर न अडखळणारा हा प्राध्यापक साध्या घरकामात कमालीचा अनाडी होता. हा माणूस माझ्या हातून पडला तर? अंघोळीत झटका आला तर? पाणी जास्त कढत झाले तर? सोबत्यांनी धीर दिला, शेजारी उभे राहून शिकवले आणि मग एके दिवशी नाउवेन यांना ॲडमसोबत एकटे सोडले.

पुस्तकाचा गाभा इथे आहे. सकाळी सातला ॲडमला हळूच उठवायचे. अंगात झगा घालून, त्याला मागून आधार देत, पाऊल पाऊल टाकत न्हाणीघरापर्यंत न्यायचे. कपडे उतरवायचे, टबात बसवायचे, अंग धुवायचे, दाढी करायची, पुसायचे, कपडे चढवायचे, केस विंचरायचे. मग स्वयंपाकघरात न्याहारी. ॲडमला खायला आवडे. चमचा भरून दिला की तो स्वतः तोंडाशी नेई. त्याला वेळ लागे, आणि तेवढा वेळ शेजारी बसून राहायचे. सगळे आटोपून तो दिवसाच्या कार्यक्रमाला जायला निघेपर्यंत दोन तास गेलेले असत.

या मजकुराची बांधणी पाहा. एरवी नाउवेन यांच्या गद्यात अमूर्त नामे भरपूर असतात: एकाकीपण, आतिथ्य, प्रार्थना, तुटलेपण. इथे ती मागे सरतात आणि क्रियापदे पुढे येतात. एका कृतीनंतर दुसरी कृती, आणि तीही ज्या क्रमाने घडते त्याच क्रमाने. वाचकाला वाटते, हे पटकन उरकून लेखक आता मुद्द्यावर येईल. तो येत नाही, आणि तिथेच त्याचे कसब आहे. वाचणाऱ्यालाही ॲडमच्या गतीने चालावे लागते. पान उलटण्याची घाई असलेल्या वाचकाला हा भाग कंटाळवाणा वाटेल, आणि त्या कंटाळ्यातूनच त्याला कळेल की आपण अशा माणसाजवळ किती वेळ बसू शकतो.

मग तो झटक्याचा प्रसंग येतो. सुरुवातीच्या दिवसांत नाउवेन यांना ॲडमचे आवरून आपल्या कामाला लागायचे असे. डोक्यात पत्रे, भाषणे, भेटी. त्या नादात त्यांनी ॲडमला घाईने पुढे रेटले, बाही घाईने ओढली. ॲडमला जोराचा झटका आला. सगळे थांबले. त्याला आडवे करावे लागले, पांघरूण घालून उबेत ठेवावे लागले आणि तो सावरेपर्यंत शेजारी बसावे लागले. असे एकदाच झाले नाही. हळूहळू नाउवेन यांना वाटू लागले की हा तरुण मला त्याच्या परीने काही सांगतो आहे: हेन्री, जरा दमाने घे.

इथे आपण जरा थांबून विचार करायला हवा. अपस्माराचा झटका मेंदूतल्या विद्युत-क्रियेच्या बिघाडाने येतो, त्याला संभाषण म्हणणे वैद्यकीय दृष्ट्या चूक ठरेल. एखाद्या आईने किंवा डॉक्टरने हा परिच्छेद वाचून नाराज व्हावे, हेही समजण्यासारखे आहे. तरी मला तो पुस्तकातला सर्वांत प्रामाणिक परिच्छेद वाटतो. ॲडमच्या मनात काय चालले होते, हे आपल्याला कळले असा लेखकाचा दावा नाही. झटक्याच्या या वाचनाने स्वतःचे हात बदलले, एवढेच तो सांगतो. ज्या अर्थाने आपण दुसऱ्याशी जास्त सावकाश आणि हळुवार वागायला लागतो, तो अर्थ निदान त्या दुसऱ्याच्या अंगावर लादलेला नसतो. त्याचा फायदा त्यालाच मिळतो. दुसऱ्या दिवशीपासून ॲडमचा हात बाहीत घालणारा हात सैल झाला. मैत्रीत एकाने दुसऱ्याला बदलायचे असते, तर इथे बदललेला कोण आणि बदलवणारा कोण, हे अगदी स्पष्ट आहे.

पुढच्या काही आठवड्यांत भीती गेली. नाउवेन ॲडमशी बोलू लागले. आधी आवरताना उगीच काहीबाही, मग मनातले: कोण रागावले आहे, कशाची काळजी आहे, रात्री झोप का आली नाही. उत्तर येत नसे. पण ॲडम तिथे असे, पूर्ण असे, आणि त्याला नाउवेन यांच्या कीर्तीशी काही देणेघेणे नव्हते. त्याने त्यांचे एकही पुस्तक वाचले नव्हते आणि वाचणारही नव्हता. आयुष्यभर टाळ्यांवर जगलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा अशी सोबत मिळाली जिच्यासमोर काही सिद्ध करायचे नव्हते. लिहिताना नाउवेन हे मोठ्या सोज्ज्वळपणे मांडतात: दिवसभराच्या धावपळीत मला सकाळचे ते दोन तास आठवत, आणि ते दिवसातले सर्वांत शांत तास होते.

मग बाहेरची माणसे घरात येतात आणि पुस्तकाला धार चढते. विद्यापीठातले एक ओळखीचे धर्मोपदेशक भेटीला आले, त्यांनी ॲडमची सकाळ पाहिली आणि विचारले की हेन्री, एवढे शिकून, एवढ्या लोकांना तुझी गरज असताना, तू तुझा वेळ इथे घालवतोस? आणि या एका माणसावर समाजाने इतका खर्च का करावा? हा प्रश्न आपल्याकडच्या पुष्कळ सभ्य घरांतही विचारला जातो, फक्त आवाज जरा खाली असतो. नाउवेन त्यावर वादविवाद करत नाहीत. ते दुसरा पाहुणा पुढे आणतात: न्यू यॉर्कचा एक यशस्वी व्यावसायिक मित्र, आतून घाबरलेला, सतत अस्वस्थ. तो जेवायला ॲडमशेजारी बसला. काही विशेष घडले नाही. पण तो माणूस निवळला, परतल्यावरही ॲडमची विचारपूस करत राहिला, आणि या ओळखीने आपल्याला काही दिले असे त्याने पुढे अनेकदा सांगितले. पहिल्याचा हिशेब आणि दुसऱ्याचे निवळणे लेखकाने एकापाठोपाठ ठेवले आहे आणि मध्ये स्वतःची मल्लिनाथी केलेली नाही. हे संयमाचे काम आहे.

पुस्तकाची प्रकरणे शुभवर्तमानाच्या वळणाने लावली आहेत: ॲडमचे अज्ञात जीवन, त्याचे अरण्य, त्याचे सार्वजनिक जीवन, त्याचे दुःखसहन, मृत्यू, पुनरुत्थान. नाउवेन खरे तर तेव्हा प्रेषितांच्या विश्वासांगीकारावर पुस्तक लिहिण्याच्या विचारात होते. ॲडम गेला, आणि आपल्या श्रद्धेबद्दल जे सांगायचे आहे ते या एका आयुष्यातून सांगता येईल असे त्यांना वाटले. ॲडम म्हणजे दुसरा ख्रिस्त, असे मी म्हणत नाही, हेही ते स्पष्ट करतात. गव्हाणीतल्या आणि क्रूसावरच्या ख्रिस्ताची असहायता पाहिली की ॲडमच्या असहाय आयुष्याचे मोल कळते, एवढेच त्यांना म्हणायचे आहे.

कल्पना मोठी आहे. पण पुस्तकाचा सांगाडा म्हणून ती सगळीकडे पेलत नाही. ‘अज्ञात जीवन’ आणि ‘अरण्य’ या दोन प्रकरणांत ती बसते, कारण तिथे आईवडील आहेत. रेक्स आणि जीन यांनी दोन मुलगे वाढवले, मायकल आणि ॲडम, दोघांनाही अपस्मार. घरात सांभाळणे अशक्य झाल्यावर ॲडमला काही वर्षे मोठ्या आरोग्य-संस्थेत ठेवावे लागले. तिथे देखभाल होती, पण घर नव्हते. आईवडिलांचा तो काळ नाउवेन यांनी हळुवारपणे लिहिला आहे आणि त्याला ‘अरण्य’ म्हणणे सार्थ आहे. ॲडमने तुम्हाला काय दिले, असे कुणी विचारले तर वडील क्षणभरही न थांबता ‘शांती’ असे उत्तर देत. हा तपशील नाउवेन यांच्या आधीच्या लेखनातही येतो आणि प्रत्येक वेळी तो तेवढाच अंगावर येतो, कारण तो धर्मशास्त्रज्ञाने शोधलेला नाही, बापाने सांगितलेला आहे.

पण ‘सार्वजनिक जीवना’त ॲडम लोकांना बरे करणारा, त्यांना शिकवणारा असा उभा राहू लागला की तो जरा दूर जातो. दिव्यांग अभ्यासकांनी आणि दिव्यांग ख्रिस्ती लेखकांनी या पद्धतीवर बोट ठेवले आहे: आम्ही तुमच्या आत्मिक वाढीची शिडी नाही, आम्ही माणसे आहोत, आम्हाला कंटाळा येतो, आमचेही रुसवेफुगवे असतात, आम्हालाही एखादा सोबती नकोसा वाटतो. आक्षेप रास्त आहे. ॲडमला कोण आवडत नसे, कोणत्या हातात तो ताठ होई, कुठले खाणे तो बाजूला सारी, याची नोंद मला या पुस्तकात आणखी हवी होती. मित्राच्या आवडीनिवडी आपल्याला माहीत असतात. देवदूताच्या नसतात.

दोन्हीकडून असलेल्या मैत्रीची कसोटी एका प्रश्नाने लागते: ॲडमला या मैत्रीतून काय मिळाले? नाउवेन यांना काय मिळाले हे पुस्तकाच्या पानापानावर आहे. ॲडमबद्दल उत्तर शोधावे लागते, पण ते आहे. त्याला संस्थेच्या वॉर्डऐवजी घर मिळाले. त्याच्या गतीने हलणारे हात मिळाले. जेवणाच्या टेबलाशी जागा मिळाली, वाढदिवस मिळाले, प्रार्थनेच्या वेळी त्याच्या नावाचा उच्चार मिळाला. आणि त्याला अशी माणसे मिळाली की त्याची तब्येत बिघडल्याचे कळताच नाउवेन सुट्टीवरचे लेखन टाकून कॅनडाला परतले. तो वारला तेव्हा त्याच्याभोवती जमलेली माणसे रडत होती ती सेवा संपली म्हणून नव्हे. त्यांचा माणूस गेला होता.

अ‍ॅरिस्टॉटलने खरी मैत्री समान गुणांच्या माणसांत मानली. त्या मापाने ॲडम कुणाचाच मित्र ठरत नाही. हान्स राइंडर्स या डच नीतिशास्त्रज्ञाने ‘रिसिव्हिंग द गिफ्ट ऑफ फ्रेंडशिप’ या २००८ च्या ग्रंथात हा धागा नीट उलगडला आहे. तीव्र बौद्धिक दिव्यांगता असलेल्या माणसाला माणूस मानण्यासाठी त्याच्यात बुद्धी किंवा निवडशक्ती शोधत बसलो तर आपण हरतो. देवाने त्याला आधीच मित्र म्हणून निवडले आहे, आणि आपल्याला ती मैत्री स्वीकारायची आहे. राइंडर्स यांचा ग्रंथ जड आहे, अभ्यासकांसाठी आहे. पण त्यातला युक्तिवाद नाउवेन यांच्या टबाशेजारी आधीच घडून गेलेला होता.

शुभवर्तमानातल्या दोन जागा या पुस्तकाबरोबर वाचाव्यात. लूकच्या चौदाव्या अध्यायात ख्रिस्त यजमानाला सांगतो की मेजवानी देशील तेव्हा गरिबांना, व्यंग असलेल्यांना, लंगड्यांना आणि आंधळ्यांना बोलाव. ते परतफेड करू शकणार नाहीत, म्हणून तू धन्य होशील. आपल्या बहुतेक सेवाकार्याचा पाया हा अध्याय आहे. त्यात यजमान यजमानच राहतो आणि पाहुणा पाहुणाच. योहानाच्या पंधराव्या अध्यायात, शेवटच्या रात्री, तोच ख्रिस्त शिष्यांना यापुढे दास न म्हणता मित्र म्हणतो. दुसरी जागा पहिल्याला खोडून काढत नाही, पण पुढे नेते. नाउवेन डेब्रेकला गेले ते लूकच्या यजमानासारखे, आणि काही महिन्यांत त्यांना कळले की टेबल ॲडमचे आहे, बसायला त्यांना बोलावले गेले आहे.

हे कळणे सोपे नव्हते. डेब्रेकला आल्यानंतर वर्षभराने नाउवेन आतून कोसळले. एक जवळची मैत्री तुटली आणि त्या आघाताने ते इतके खचले की १९८७-८८ मध्ये काही महिने विनिपेगला उपचारासाठी राहावे लागले. ॲडमच्या घरात सुरक्षित वाटल्यावरच आयुष्यभर दाबलेले दुखणे वर आले, असा त्याचा अर्थ ते लावतात. मैत्रीने माणूस बरा होतो असे सांगणे सोपे असते. मैत्रीने माणूस आधी उघडा पडतो, हे सांगायला धैर्य लागते, आणि या पानांत ते आहे.

एक अवघड गोष्ट मात्र नाउवेन चटकन ओलांडून जातात. त्यांनी ॲडमची सकाळ वर्षभराहून थोडा अधिक काळ सांभाळली. नंतर वसाहतीतले इतर काम वाढले, ते दुसरीकडे राहायला गेले. ॲडमशी नाते राहिले, पण सकाळ दुसऱ्या कुणाच्या हाती गेली. लार्शमधले अनेक सोबती वर्ष-दोन वर्षे राहून निघून जातात. ॲडम मात्र तिथेच. प्रत्येक नव्या हाताला त्याने पुन्हा नव्याने ओळखायचे. शाळा-कॉलेजच्या वयातल्या दिव्यांग मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक मंडळीसमोर हा प्रश्न आहे. उन्हाळी शिबिरात दिव्यांग मुलाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढणारा तरुण पुढच्या वर्षी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असतो, आणि तो मुलगा दारात वाट पाहतो. सेवा बदलीने चालू शकते, मैत्री चालत नाही. ही वेदना ॲडमच्या बाजूने कुणीतरी लिहायला हवी होती, आणि या पुस्तकात ती लिहिली गेलेली नाही, हे मी त्याचे सर्वांत मोठे उणेपण मानतो.

आज हे पुस्तक हातात घेताना आणखी एक ओझे वाचकावर येते. नाउवेन यांना लार्शकडे बोलावणारे संस्थापक ज्याँ व्हानिए २०१९ मध्ये गेले. लार्शनेच नेमलेल्या चौकशीने फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केले की त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून सहा प्रौढ स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. २०२३ च्या विस्तृत अहवालात हा आकडा किमान २५ वर गेला. या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या. पण कोवळीक, जवळीक, विश्वास हे जे शब्द व्हानिए यांनी जगभर पेरले, त्यांच्याच आडोशाला हे घडले. लार्शने सत्य स्वतः शोधले आणि जगासमोर ठेवले, ही तिची खरी प्रतिष्ठा. या उजेडात नाउवेन यांची पाने पुन्हा वाचली तर एक गोष्ट ठळक होते. न्हाणीघरातली ती जवळीक बंद खोलीतली नव्हती. घर भरलेले होते, काम वाटून दिलेले होते, कसे करायचे ते इतरांनी शिकवलेले होते, आईवडील कधीही येऊ शकत होते. ॲडमची मैत्री सगळ्या घराच्या नजरेखाली वाढली. दिव्यांग तरुणांशी मैत्री करू पाहणाऱ्या प्रत्येक मंडळीने हा तपशील नियम म्हणून घ्यावा.

लार्शचे घर आपल्या देशातही आहे. बंगळूरला १९७० मध्ये ‘आशा निकेतन’ सुरू झाले, आणि ख्रिस्ती अल्पसंख्य असलेल्या या देशात त्याने हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्यांना एका टेबलाशी बसवले. महाराष्ट्रात ख्रिस्ती सेवेची परंपरा त्याहून जुनी. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी अंध स्त्रियांना आसरा दिला आणि त्यांच्या कन्या मनोरमाबाईंनी त्यांच्या शिक्षणासाठी ब्रेल लिपी आणली. अंध स्त्रीने वाचावे, तिने स्वतःचे काम करावे, हा आग्रह त्या काळी केवढा मोठा होता! त्या पायावर पुढचे पाऊल टाकायचे ते मैत्रीचे.

तरुणांच्या सेवाकार्यात ते पाऊल पडलेही आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात ‘यंग लाइफ’ या ख्रिस्ती युवासंस्थेचे कार्यकर्ते निक पालेर्मो यांनी १९८६ मध्ये दिव्यांग किशोरांसाठी काम सुरू केले. नाउवेन डेब्रेकला पोहोचले तेच हे वर्ष. त्या कामाला कफर्णहूम गावाचे नाव आहे. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात त्या गावी चौघांनी एका पक्षाघात झालेल्या माणसाला छप्पर उकलून ख्रिस्तासमोर खाली सोडले. ते चौघे त्याचे कोण होते हे शुभवर्तमान सांगत नाही. पण कुणाच्या घराचे छप्पर मोडायला माणूस परोपकारासाठी सहसा तयार होत नाही. या उपक्रमात भर ‘क्लब’वर, शिबिरावर, गाण्यांवर, एकत्र धमाल करण्यावर असतो, आणि तो योग्य आहे. सोळा वर्षांच्या मुलाला दया नको असते. त्याला आपल्यासाठी राखून ठेवलेली खुर्ची हवी असते, आणि आपण आलो नाही तर कुणाला तरी चुकल्या-चुकल्यासारखे व्हावे असे वाटते.

‘ॲडम’ हे निर्दोष पुस्तक नाही. त्याच्या उत्तरार्धात लेखकाचा भक्तिभाव कधी ॲडमच्या पुढे धावतो, आणि शेवटची प्रकरणे शोकाच्या घाईत लिहिल्यासारखी वाटतात. तरी सकाळच्या त्या दोन तासांची पाने ख्रिस्ती साहित्यात टिकतील. एका बोलणाऱ्या माणसाने एका न बोलणाऱ्या माणसाकडून आपला वेग कमी करून घेतला, हे इतक्या निगुतीने दुसऱ्या कुणी लिहिलेले मी वाचलेले नाही.

पाळकांनी आणि तरुण संघाच्या मुलामुलींनी ही पाने एकत्र वाचावीत. वाचून झाल्यावर आपल्या मंडळीच्या नोंदवहीत पाहावे की कोणत्या घरातला तरुण बाप्तिस्म्यानंतर देवळात दिसलाच नाही. त्याच्या घरी जावे, त्याच्या आईला विचारावे की त्याला काय आवडते, आणि पुढच्या रविवारीही जावे.